पाय जुळू नयेत म्हणून

अण्णा,

सागर उद्या परत जातोय. तुमचं तेरावं होईपर्यंत माझ्या भावाने रजा कशीबशी पुरवली. आता ती संपली. उद्या दुपारी कुर्ला टर्मिनसवरून त्याची गाडी आहे. तो ज्या चौकीवर जातो तिचं नाव तो सांगत नाही आणि मीही आता विचारत नाही.

आज सकाळी बंट्या दारात येऊन उभा राहिला. खालच्या गल्लीतला, रिक्षा चालवणारा, बेंजो पार्टीवाला बंट्या. म्हणाला, "वहिनी, उद्या सागरभाऊला सोडायला पार्टी आणू का? एकदम झकास वाजवतो. आता तर अण्णापण नाहीत ओरडायला." एवढं बोलला आणि स्वतःच तोंड फिरवून उभा राहिला. मी त्याला म्हटलं, संध्याकाळी सांगते.

म्हणून लिहायला बसले आहे. घरातला माणूस सीमेवर निघाला की वाजवायचं की गप्प राहायचं, हा आपला वाद तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. दुसऱ्या घरांत सुना-सासरे कशावरून भांडतात मला माहीत नाही. आपण यावरून भांडलो. आणि तो वाद मला आज संपवायचाच आहे, कारण संध्याकाळी बंट्या उत्तर मागायला येणार आहे.

तुम्ही पलटणीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचात. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरी एवढंच कळलं होतं की मुलाचे वडील मिलिटरीत बाजावाले होते. आमच्या विट्याकडे घरटी एक जण फौजेत असतो, पण बाजावाला कुणी पाहिला नव्हता. बैठकीत माझ्या चुलत्यांनी विचारलं, "व्हय पावणं, मग लढाईत बाजावाले काय करत्यात?"

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "वजन उचलतत."

सगळे हसले. दाराआडून मीही हसले. तुम्ही विनोद केला नव्हता, हे कळायला मला फार वर्षं लागली.

घाटकोपरच्या या टेकडीवर आले तेव्हा पहिल्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. रिक्षा खाली रस्त्यावर सोडायची, की वर नुसत्या पायऱ्या. सिलेंडर खांद्यावरून येतो, लग्नाचं कपाट पाठीवरून येतं, आणि माणूस आजारी पडला की त्याला हातांवरून खाली न्यावं लागतं. अँब्युलन्स रस्त्यावर थांबून वाट बघते. त्यासाठी तुम्ही एक खुर्ची तयार केली होती. लाकडी, हातांची, दोन्ही बाजूंना बांबू आवळून बांधलेली. ती आपल्या दाराबाहेर भिंतीला टांगलेली असायची आणि गल्लीतल्या कुणीही न विचारता न्यावी असा तुमचा नियम होता. बाळंतीण असो, म्हातारी असो, नाहीतर पिऊन पडलेला कुणी असो. उचलणाऱ्या चौघांना तुमचा एकच दम असायचा, "पाय जुळवू नकात रे!"

मला वाटायचं हा कोकणातला काहीतरी शकुन असेल. विचारलं, तर तुम्ही उत्तर दिलं नाहीत. एका बांबूला पाण्याची भरलेली बादली लटकवलीत. पुढे महेशला उभं केलंत, मागे मला. आम्हा नवराबायकोला लेफ्ट-राइट करत गल्लीतून चालवलंत. बादली हेलकावे खाऊ लागली आणि अर्धं पाणी महेशच्या पाठीवर. मग म्हणालात, "आता पाय मोडा. तेचो डावो तेवा तुझो उजवो." पुन्हा चाललो. बादली जागच्या जागी.

"बघलंस? सगळ्यांनी एकदम पाय टाकलो तर धक्को एकच, पण मोठो. पाय मोडलो तर धक्के चार, पण बारके. धक्के वाटून घेवचे गो."

ज्या माणसाचं सगळं आयुष्य हजार पाय एका ठोक्यावर आणण्यात गेलं, तो पाय मोडायला शिकवत होता. मला तेव्हा ते खटकलं नाही. मी हसण्यात दंग होते.

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. आईवडिलांना सही येते, पुढचं येत नाही. लग्नानंतर बी.एड. करायचं म्हटलं तेव्हा आईने फोनवर घाबरून विचारलं, "सासरची माणसं काय म्हणतील?" सासरची माणसं म्हणजे तुम्ही एकटे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. तुम्ही बँकेतली वॉचमनची ड्युटी करून सकाळी घरी यायचात, मासे साफ करायला बसायचात आणि मला म्हणायचात, "घाटावरची तू. बांगड्याक हात लावूक घाबरतस. जा, पुस्तकांक लाव."

मी पाठ मोठ्याने वाचायचे. तुम्ही उंबऱ्याशी बसून ऐकायचात. माझ्या वाचण्याला घाई झाली की तुमची बोटं उंबऱ्यावर वाजायची. टक. टक. मी पुन्हा सावकाश व्हायचे. माझ्या बोलण्यातलं "हाय" आणि "न्हाय" ऐकून कॉलेजातल्या मुली हसायच्या. तुम्ही कधीच हसला नाहीत. एकदाच म्हणालात, "तू स्वल्पविरामाक थांबतस. बाकीचा सगळा जमतला." आज माझ्या वर्गातली मुलं बाईंनी वाचलेलं समजतं असं सांगतात तेव्हा मी मनात तुमच्या बोटांना नमस्कार करते. समोरासमोर तो केला असता तर तुम्ही विषय बदलून बांगड्याचा भाव सांगितला असता.

वाद सुरू झाला तो त्या उन्हाळ्यात. सीमेवर परिस्थिती बिघडली. सागर सुट्टीवर आपल्याकडे आला होता. जेवताना त्याच्या फोनवर निरोप आला, त्याने तो वाचला आणि उरलेली भाकरी संपवली. मला म्हणाला, "तायडे, बॅग भरतो." बातमी मी कुणालाच सांगितली नव्हती, पण या टेकडीवर शिंकही लपत नाही. तो दाराबाहेर पडतोय तोवर बंट्याची पार्टी पायऱ्यांवर तयार. बेंजो, ढोल, ताशा, गळ्यात घालायला हार. पहिला ठोका पडला आणि तुम्ही आतून बनियनवर धावत आलात.

"बंद कर रे ता!"

"अण्णा, देशासाठी चाललाय तो!"

"देशासाठी जाता ना? मग जांदे तेका. तुझ्या बेंजोवर नाचत जातलो काय?"

"काय यार अण्णा, तुम्हीच तर बँडवाले!"

"म्हणानच सांगतंय."

सागर खांद्यावर बॅग घेऊन अवघडून उभा. म्हणाला, "असू द्या की अण्णा. पोरं हौसेनं आल्यात."

"पावण्यानू, तुमी गप रवा. डोळ्यात पाणी इला तर पायरी दिसाची नाय."

मग सागर उतरला. मागे पार्टी, वाद्यं हातात धरून, शाळेतली मुलं शिक्षा झाल्यावर चालतात तशी. तुम्ही सगळ्यात पुढे. मी वरून संतापून बघत होते.

त्या संध्याकाळी मी भांडले. "माझा भाऊ चोरासारखा गेला, अण्णा."

"चोरासारखो नाय. कामाक जातत तसो गेलो."

"गाण्याने बळ येतं माणसाला."

"कोणाक?"

"जाणाऱ्याला!"

"जाणाऱ्याक बळ तेच्या कामाचा असता गो. बाजो रवणाऱ्यांसाठी असता."

"मग तुम्ही एवढी वर्षं पलटणीत काय केलंत?"

"रवणाऱ्यांका रवूक मदत केलंय."

हे बोलून तुम्ही तुमच्या आईची गोष्ट सांगितलीत. तुम्ही डोंगरातल्या लढाईवर होता तेव्हा गावात कुणाचं तरी लग्न होतं. तुमच्याकडून पत्र नाही म्हणून गावकऱ्यांनी ठरवलं, वाजंत्री नको, वाईट दिसतं. तुमची आई स्वतः मांडवात गेली आणि म्हणाली, "वाजवा. माझो झील बाज्यातच आसा. तुमी गप बसलात तर माका वाटतला, काय तरी झाला." सनई सुरू झाली आणि ती चुलीशी जाऊन बसली. "बघ," तुम्ही मला म्हणालात, "आवशीन बाजो माझ्यासाठी वाजवलो नाय. स्वतःसाठी वाजवलो."

गोष्ट चांगली होती. माझं समाधान झालं नाही.

त्या दिवसांत आपण दोघं टीव्हीसमोर बसायचो आणि तुम्ही आवाज बंद करायचात. बाई पडद्यावर ओरडत असायची, मागे विमानं, नकाशे, आगीच्या रेषा. "ह्या बातमेक ढोल कित्याक व्हयो?" तुम्ही म्हणायचात. "बातमी सांग आणि घराक जा." हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला तेव्हा गल्लीने दिवे घालवले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि अंधारात तुमचा आवाज आला, "सूर बरो आसा. ताल नाय." मी हसले. सागर सीमेवर होता तरी हसले. हे तुमचं देणं मी मोजत नाही, पण विसरतही नाही.

मग सागरचा फोन आला. दोन मिनिटांचा. मला काही सुचेना, तर मी विचारलं, "गाणी हायत का रे तुझ्याकडं?" वर चौकीवर नेटवर्क नसतं, म्हणून खाली तळावर असतानाच पोरं एकमेकांच्या फोनमधली गाणी भरून घेतात, हे त्याने मला पूर्वी सांगितलं होतं. मला वाटलं स्फूर्तीची गाणी असतील. तो म्हणाला, "हायत की. धनगराच्या दत्तूच्या हळदीतला बेंजो हाय. आन आय कोंबड्यांवर वरडतीय त्ये रेकॉर्डिंग हाय. त्ये समद्यात जास्त चालतं. पंजाबी पोरं बी मागून घेत्यात."

तुम्ही शेजारी बसून ऐकत होता. हसून हसून तुम्हाला ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणालात, "आयकलंस? कोंबड्ये!" मला वाटलं तुम्ही जिंकल्याचं सांगताय. मी म्हटलं, "अण्णा, कोंबड्या असोत नाहीतर काही असो, त्याला काहीतरी ऐकावंसं वाटतंच की. जाणाऱ्यालाच वाटतंय."

तुम्ही उठून बाहेर गेलात. आणि त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, उंबऱ्याशी बसून मला ती गोष्ट सांगितलीत. महेशलाही ती माहीत नव्हती. मुलगा असून त्याला कधी सांगितली नाहीत, मला सांगितलीत.

लढाई सुरू झाली की बँडची वाद्यं पेट्यांत बंद होतात आणि बाजावाले स्ट्रेचर उचलतात. जखमींना वरून खाली आणायचं. त्यासाठी पहिला धडा शिकवतात तो पाय मोडण्याचा. आणि तोच धडा बाजावाल्यांना सगळ्यात जड जातो. क्लॅरिनेटवाला, ट्रम्पेटवाला, मोठा ढोलवाला आणि तुम्ही, असे चौघे एका पोराला घेऊन डोंगर उतरत होता. परभणीकडचा पोरगा. पायाला लागलं होतं, फार रक्त गेलं होतं. डॉक्टरने बजावलं होतं, ह्याला झोपू देऊ नका. तो म्हणाला, "तुम्ही बाजावाले ना? मग गाणं म्हणा की."

तुम्ही गाणं सुरू केलंत. चार ओळी झाल्या नाहीत तोच चौघांचे पाय एका ठोक्यावर आले. स्ट्रेचर हिंदकळू लागलं आणि पोरगा किंचाळला. गाणं थांबवलंत. पाय मोडले. स्ट्रेचर स्थिर झालं. पण गाणं थांबलं तसे त्याचे डोळे मिटायला लागले. पुन्हा गाणं, पुन्हा पाय जुळले, पुन्हा किंकाळी. "गाणा म्हटला तर दुखता, नाय म्हटला तर झोपता," तुम्ही मला सांगितलंत. "पंधरा वर्षां बाजो वाजवलंय. थय एक गाणा कामाचा नाय."

मग ढोलवाल्याने सुचवलं की ताल नसलेलं काहीतरी म्हण. तुम्हाला ताल नसलेली एकच गोष्ट येत होती. गाऱ्हाणं. तुमच्या गावी देवासमोर उभं राहून घालतात ते. एकाने देवाला सगळं सांगायचं, त्याने दम घेतला की बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. त्याला सूर असतो, ठोका नसतो. पाय त्याच्यावर पडूच शकत नाहीत.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरग्याक खाली जावचा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

परभणीच्या पोराने डोळे उघडले. "हे कसलं गाणं हाय?"

"गाणा न्हय. तक्रार आसा."

तक्रार म्हटल्यावर तो जागा राहिला. तुम्ही थंडीची तक्रार केलीत, डोंगराची केलीत, शत्रूची केलीत. ते संपलं तसं पलटणीच्या लंगरमधल्या डाळीची केलीत, रजा नाकारणाऱ्या क्लार्कची केलीत, ट्रम्पेटवाल्याच्या घोरण्याची केलीत. आणि थोड्या वेळाने तो पोरगाही "व्हय म्हाराजा" म्हणायला लागला. तुम्ही चुकलात की तो स्वतःची तक्रार मध्ये घालायचा, आणि तुम्ही चौघे त्याला उत्तर द्यायचात.

"मग तो जगला?" मी विचारलं.

"खाली पोचवलंव."

"पण नंतर?"

"नंतर आमी परत वर गेलंव."

"नाव तरी सांगा त्याचं. मी शोधून काढते, अण्णा. आता सापडतं सगळं."

"तेच्यासाठीच सांगणंय नाय. माझी सून शिकलेली आसा. शोधून काढीत." आणि तुम्ही उठून आत गेलात, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं निमित्त करून.

तो पोरगा जगला नसावा अशी भीती तुम्हाला होती की जगला असेल आणि तुम्हाला विसरला असेल याची, हे मी पुढे कधी विचारलं नाही. तेवढं न विचारणं मला जमलं, आणि ते तुमच्याकडूनच शिकले.

सागर त्या उन्हाळ्यातून सुखरूप परतला. या वेळी रजेवर आला तेव्हा तुम्ही त्याला कोंबड्यांवरून चिडवलंत. तो तुम्हाला चिडवत होता तुमच्या धापेवरून. "अण्णा, सिगारेट सोडा." "सोडलंय रे. तीच माका सोडणा नाय." आणि दोनच दिवसांनी, सकाळी अंघोळीहून येताना, तुम्ही भिंतीला धरून खाली बसलात आणि तुमचा श्वास पुरेना.

खुर्ची खाली उतरवली. पुढे महेश आणि बंट्या, मागे सागर आणि शेजारचे राणे. मी औषधांची पिशवी घेऊन बाजूने. पहिल्या वळणापर्यंतच मला कळलं की काय होतंय. सागर पडला सैनिक, बंट्या पडला वाजवणारा, आणि महेश आणि राणे घाबरलेले. घाबरलेल्या माणसांचे पाय आपोआप जुळतात. खुर्ची डोलायला लागली. तुमचं डोकं एकदा या खांद्यावर, एकदा त्या खांद्यावर. तुम्ही म्हणालात, "पाय..." पुढचा शब्द निघेना. मी ओरडले, "पाय मोडा!" त्यांनी मोडले, आणि चार पायऱ्यांवर पुन्हा जुळले. तुमचे डोळे मिटत होते.

तेव्हा मी गाऱ्हाणं घातलं, अण्णा. बाईमाणूस, घाटावरची, गाऱ्हाण्याला देवळात कधी उभी न राहिलेली. माझं मालवणी म्हणजे तुमच्या मते वडापाववर ओतलेली सोलकढी.

"बा देवा महाराजा! आज आमच्या अण्णांना खाली जायचं आहे रे महाराजा!"

कुणी बोललं नाही. मला रडू फुटणार होतं. मग मागून राणेंचा आवाज आला, सावंतवाडीचा, खणखणीत, "व्हय म्हाराजा!"

"ह्या टेकडीवर अँब्युलन्स येत नाही रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता महेशही.

"कठडा बांधून देतो म्हणाले, मतं घेऊन गेले, ते परत आले नाहीत रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोन्ही बाजूंच्या दारांतून बायकासुद्धा म्हणायला लागल्या. खुर्ची स्थिर झाली होती. मी खाली बघितलं. आठ पाय, प्रत्येक आपल्या मर्जीने.

"ह्या बंट्याचा बेंजो सुरात नाही रे महाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बंट्या सगळ्यात मोठ्याने ओरडला. आणि तुम्ही डोळे उघडलेत.

मग मला धीर आला. मी म्हटलं, "आणि ह्या म्हाताऱ्याने मला त्या परभणीच्या पोराचं नाव सांगितलं नाही रे महाराजा!"

त्या चौघांना त्यातलं काही कळलं नसेल. ते उत्तर देणार त्याच्या आधी खुर्चीतून तुमचा आवाज आला. बारीक, धापेतला, पण हसणारा. "व्हय म्हाराजा."

दवाखान्यात तुम्ही आणखी दोन दिवस काढलेत. शेवटच्या दुपारी मास्कच्या आत तुमचे ओठ हलत होते. शब्द लागत नव्हते, पण चाल मला ओळखू आली. तुम्ही कसली तरी तक्रार करत होता. थांबलात की मी "व्हय म्हाराजा" म्हणायचे. नर्सने विचारलं, काय म्हणताय ताई? मी म्हटलं, उत्तर देतेय. तुम्ही थांबत गेलात, मी म्हणत गेले. एकदा थांबलात, मी म्हटलं, आणि तुम्ही पुढे काही बोलला नाहीत.

आता वादाचं बोलते.

बाजा राहणाऱ्यांसाठी असतो, हे तुमचं मी मान्य करते. तुमच्या अंत्ययात्रेत आपण पायऱ्या उतरेपर्यंत सगळे गप्प होतो. खाली रस्त्याला लागल्यावर बंट्याच्या पार्टीने वाजवलं, आणि मला उभं राहता आलं. बाजा नसता तर मी तिथेच बसले असते.

पण जाणाऱ्यासाठी काहीच नसतं, हे मला मान्य नाही. तुमचं स्वतःचं डोंगरातलं चालणं त्याच्या विरुद्ध साक्ष देतं. गाणं त्या पोराच्या कामी आलं नाही, ते फक्त पाय जुळले म्हणून नाही; गाणं त्याला नुसतं ऐकायचं होतं. गाऱ्हाण्याला त्याला उत्तर द्यायचं होतं. उत्तर द्यायचं तर शुद्धीवर राहावं लागतं. मी हे पुस्तकातून काढलेलं नाही. खुर्चीतून तुम्ही मला उत्तर दिलंत तेव्हा मला ते समजलं. जाणाऱ्याला बळ द्यायला आपण कोण, हे तुमचं बरोबर आहे. पण त्याला असं काही देता येतं की ज्याला त्याने उलट बोलायचं असतं. तो उलट बोलतोय तोवर तो आपला आहे.

तेव्हा मी ठरवलंय. उद्या पायऱ्यांवर बेंजो वाजणार नाही. सागरची रिक्षा वळणाआड गेली की खाली रस्त्यावर बंट्याने हवं तितकं वाजवावं. ते आमच्यासाठी. आम्हाला राहायचं आहे. आणि पायऱ्यांवर, वरपासून खालपर्यंत, मी गाऱ्हाणं घालणार आहे. सागरच्या बॅगेच्या वजनाचं, त्याच्या न सांगितलेल्या चौकीचं, तिथल्या डाळीचं, आईला फोन न करण्याच्या त्याच्या खोडीचं. गल्ली उत्तर देईल, आणि त्यालाही द्यावं लागेल. तो लाजणार. "तायडे, काय ह्ये, लोक बघत्यात," म्हणणार. म्हणू दे. मी तक्रार वाढवत नेईन, तो तोंड उघडेपर्यंत.

पायऱ्यांवर बंट्याची चप्पल वाजतेय. सावंतवाडी त्याने नकाशातही पाहिलेली नाही, त्या दिवशी तो राणेंच्या मागोमाग ओरडत होता. उद्या राणे ड्युटीवर आहेत, म्हणून त्याला आत्ता बसवून शिकवते, उत्तर कधी द्यायचं ते. अवघड काहीच नाही. समोरचा दम घ्यायला थांबला, की त्याला एकटं सोडायचं नाही.